स्वस्त घर आणि लांबची नोकरी: रोज ये-जा करणाऱ्यांच्या वसाहतीत राहणे नेमके कसे असते

प्रश्न असा आहे: नोकरी शहरात आहे, शहरात घर परवडत नाही, म्हणून तासा-सव्वातासाच्या अंतरावरील तुलनेने स्वस्त वसाहतीत घर घ्यावे असा विचार आहे, तर तिथले रोजचे जगणे प्रत्यक्षात कसे असते आणि निर्णयापूर्वी काय पाहावे?

मी सुमारे पंचवीस वर्षे वाहतूक नियोजनाचे काम करत आलो आहे आणि त्यांपैकी नऊ वर्षे अशाच एका वसाहतीत सहकुटुंब राहिलो आहे. या दोन अनुभवांचे माझ्या मनात नेहमीच जुळत असे असे नाही. स्थानकापासून आठशे मीटरवरील घराबद्दल नकाशावर ‘पायी दहा मिनिटे’ असे मी अनेक वर्षे बिनधास्त लिहीत होतो. तेच अंतर भर पावसात, एका हातात पिशवी आणि कडेवर झोपलेले मूल घेऊन चालू लागल्यावर तसे लिहिणे मी सोडून दिले. पुढचे उत्तर या दोन्ही बाजू डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे.

थोडक्यात सांगायचे तर अशा वसाहतीत राहणे वाईट नसते. मात्र घर दिसते तेवढे स्वस्त नसते. किमतीचा एक भाग आपण पैशांत चुकता करतो आणि उरलेला रोज वेळेत फेडतो. त्या वेळेतही प्रवासाच्या लांबीपेक्षा त्याचा बेभरवसा अधिक महाग पडतो, आणि तो भुर्दंड पुष्कळदा प्रवास करणाऱ्यापेक्षा घरातील दुसऱ्याच कोणाला तरी बसतो. जाहिरातीत यातले काहीच नसते, त्यामुळे हे सविस्तर सांगणे भाग आहे.

स्वस्ताई मुळात कुठून येते, हे आधी पाहू. बाजारापासूनचे अंतर आणि जमिनीचे भाडे यांचा संबंध योहान हाइनरिश फॉन थ्यूनेन यांनी १८२६ मध्ये शेतजमिनीच्या संदर्भात मांडला आणि १९६४ मध्ये विल्यम अलोन्सो यांनी तो शहरी जमिनीला लावला. त्याचे सार असे की, केंद्रापासून दूर जावे तसा प्रवासाचा खर्च आणि त्रास वाढतो, आणि लोक तेवढीच कमी रक्कम जागेसाठी मोजायला तयार होतात. म्हणजे लांबच्या घराच्या किमतीत दिसणारी सूट ही कोणी दाखवलेली मेहेरबानी नसते. ती आपण पुढे वर्षानुवर्षे जो प्रवास करणार आहोत त्याची आगाऊ मिळालेली मजुरी असते. ही मजुरी पुरेशी आहे की नाही, एवढाच खरा प्रश्न आहे.

अशा वसाहतींचा जन्मच सवलतीच्या तिकिटातून झाला आहे. रोज ये-जा करणाऱ्याला इंग्रजीत ‘कम्यूटर’ म्हणतात, तो शब्द एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी रेल्वेच्या ‘कम्युटेशन’ तिकिटावरून, म्हणजे ठरावीक मुदतीच्या सवलतीच्या पासावरून आला. ब्रिटनमध्ये १८८३ च्या स्वस्त गाड्यांच्या कायद्याने कामगारांसाठी सवलतीच्या गाड्या चालवण्यास रेल्वे कंपन्यांना प्रोत्साहन दिले. लंडनच्या ईशान्येकडील वॉल्थमस्टो आणि एडमंटन या भागांत तर त्याआधीपासूनच अशा गाड्या धावत होत्या आणि त्यांच्याच आधारावर तिथे कामगारांच्या मोठ्या वसाहती उभ्या राहिल्या. सवलत पहाटेच्या गाड्यांना असल्याने काम सुरू होईपर्यंत पुष्कळांना शहरात ताटकळत बसावे लागे. पैसे वाचवायचे आणि वेळ मोजायचा हा सौदा एवढा जुना आहे.

आता हिशेब करू. एका बाजूचा प्रवास घराच्या दारापासून कामाच्या दारापर्यंत ७५ मिनिटांचा धरला, तर दिवसाचे अडीच तास होतात. वर्षाला २३० दिवस कामावर जायचे असे मानले तर ही बेरीज ५७५ तासांवर जाते. आठ तासांच्या पाळीने मोजल्यास ते जवळजवळ ७२ पाळ्यांएवढे काम आहे, आणि त्याचा पगार कुठल्याच चिठ्ठीवर येत नाही. शिकागो येथील ‘सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी’ ही संस्था घर आणि प्रवास यांचा खर्च एकत्र मोजते. केवळ घरावर उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत खर्च झाला तर ते परवडणारे, अशी जुनी फूटपट्टी आहे. या संस्थेने तिच्याऐवजी घर आणि प्रवास मिळून ४५ टक्के ही मर्यादा धरली आहे. मी सल्ला मागणाऱ्या प्रत्येकाला हा एकत्रित हिशेब मांडायला सांगतो, कारण घराच्या हप्त्यात वाचलेली रक्कम दुसऱ्या वाहनात, त्याच्या इंधनात आणि स्थानकावर ते उभे करण्याच्या भाड्यात निघून गेल्याची उदाहरणे मी कितीतरी पाहिली आहेत. वसाहतीत राहायला गेल्यावर वर्षभरात घरात दुसरे वाहन आले, तर बहुतेक वेळा ते घर मुळात स्वस्त नव्हतेच.

‘७५ मिनिटे’ हा आकडाही नीट तपासून घ्यावा लागतो. विक्रेता सांगतो ती गाडीतली मिनिटे. त्याने ४० मिनिटे सांगितली की आपण त्यात घरापासून स्थानकापर्यंतची १२, फलाटावरची ८, शहरात उतरल्यावर दुसऱ्या वाहनाची १० आणि शेवटी पायी ५ अशी भर घालावी. चाळिसाची पंचाहत्तर कुठे होतात ते लक्षात येते. शिवाय सर्व मिनिटे सारखी नसतात. वाहतूक नियोजनात चालण्याचे आणि थांबण्याचे एक मिनिट हे गाडीत बसून काढलेल्या मिनिटाच्या साधारण दुप्पट जड धरण्याची पद्धत आहे, आणि ती लोकांच्या प्रत्यक्ष वागण्यावरून ठरलेली आहे. बसायला जागा मिळाली तर चाळीस मिनिटांत डुलकी निघते, काही वाचून होते. अंधारात, छप्पर नसलेल्या थांब्यावर काढलेली पंधरा मिनिटे मात्र पंधराच राहत नाहीत.

थांबण्याचे गणित थोडे फसवे आहे, आणि ते जवळून पाहण्यासारखे आहे. वेळापत्रकात दर वीस मिनिटांनी बस आहे. कधीही थांब्यावर गेलात तर सरासरी दहा मिनिटे थांबावे लागेल, असे कोणालाही वाटेल, आणि बस ठरलेल्या अंतराने आल्या तर ते खरेही आहे. पण प्रत्यक्षात एक बस उशिरा येते, तिच्या मागोमाग पाच मिनिटांनी दुसरी येते आणि मग पस्तीस मिनिटे काहीच नाही. दोन बसमधील सरासरी अंतर अजूनही वीसच मिनिटे आहे, त्यामुळे कागदावर सेवा तितकीच आहे. प्रवासी मात्र पाच मिनिटांच्या फटीपेक्षा पस्तीस मिनिटांच्या फटीत सापडण्याची शक्यता सातपट असते, आणि त्यामुळे सरासरी थांबणे साडेपंधरा मिनिटांच्या वर जाते. एकही फेरी रद्द न होता प्रवाशाचा थांबण्याचा वेळ दीडपट झाला. तक्रार घेऊन गेलात तर तुम्हाला फेऱ्यांची संख्या दाखवली जाते आणि ती बरोबर असते. मी स्वतः टेबलाच्या पलीकडे बसून असे आकडे दाखवलेले आहेत, हे कबूल केले पाहिजे.

या बेभरवशाचा परिणाम असा होतो की माणूस सरासरीवर विसंबून निघू शकत नाही. वीसपैकी एकोणीस दिवस वेळेवर पोहोचायचे असेल, तर वाईटातल्या वाईट दिवसाच्या जवळपास जाणारा वेळ रोज हाताशी ठेवून निघावे लागते. सरासरी ७५ मिनिटे लागत असली तरी तो ९५ मिनिटे आधी घर सोडतो. ती वीस मिनिटे तो लवकर पोहोचून कार्यालयाच्या दारात घालवतो आणि कुठल्याही पाहणीत ती ‘प्रवास’ म्हणून नोंदली जात नाहीत. म्हणून रोज हमखास ८० मिनिटे लागणारी वसाहत ही कधी ५५ तर कधी १०५ मिनिटे लागणाऱ्या वसाहतीपेक्षा राहायला पुष्कळ चांगली, असे माझे ठाम मत आहे.

माणूस किती प्रवास सहन करतो, याविषयी चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये याकोव्ह झहावी यांच्या आधीच्या कामाच्या आधारे एक ढोबळ निरीक्षण मांडले. काळ आणि साधने बदलली तरी लोकांचा रोजचा प्रवास एकूण तासाभराच्या आसपास राहतो, आणि वेग वाढला की वेळ वाचण्याऐवजी शहर पसरते. पायी चालणाऱ्यांचे शहर केंद्रापासून अडीच किलोमीटरपर्यंत जाई. ताशी तीस किलोमीटरने जाणारी साधने आली की तेच पंधरा किलोमीटरपर्यंत पोहोचते. हे सरासरीचे निरीक्षण आहे, निसर्गनियम म्हणून त्याकडे पाहू नये. पण स्वस्त वसाहतीतील माणूस या तासाच्या दुप्पट-अडीचपट प्रवास करतो, आणि तो आवडीने करत नाही. त्याच्या आधी पोहोचलेल्या, अधिक पैसे मोजू शकणाऱ्या माणसांनी केंद्राजवळची जागा घेतलेली असते.

सवय होते का, असे बहुतेक जण विचारतात. प्रवासाची होते, त्याच्या अनिश्चिततेची होत नाही. टेक्सासमधील ९०९ नोकरदार स्त्रियांच्या दिवसभरातील अनुभवांची नोंद घेणारे डॅनिएल कानेमान आणि सहकाऱ्यांचे संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सकाळी कामावर जाण्याचा प्रवास सर्वांत कमी सुखद गोष्टींमध्ये होता. अलोइस स्टुट्झर आणि ब्रूनो फ्राय यांनी जर्मनीतील दीर्घकालीन पाहणीच्या आधारे दाखवले की ज्यांचा प्रवास लांब, त्यांचे जीवनाविषयीचे समाधान कमी. अर्थशास्त्राच्या हिशेबाने लांबच्या प्रवासाची भरपाई स्वस्त घराने किंवा चांगल्या पगाराने व्हायला हवी होती, ती पुरेशी झालेली दिसली नाही. माझ्या पाहण्यात याचे एक साधे कारण आहे. मोठ्या घराचा आनंद पहिल्या काही महिन्यांत अंगवळणी पडतो आणि मग ती जास्तीची खोली केवळ झाडून घ्यायची खोली उरते. प्रवास मात्र रोज नव्याने करावा लागतो. घर निवडताना आपण खोल्या मोजतो, कारण त्या दिसतात.

आता वसाहतीकडे वळू. अशा ठिकाणी खरे तर दोन वसाहती एकाच जागी नांदत असतात. एक सकाळी आठपूर्वीची आणि रात्री आठनंतरची. दुसरी मधल्या वेळेची. घर घेणारा कमावता माणूस पहिलीलाच ओळखतो. दुसरीत वृद्ध असतात, लहान मुले असतात, त्यांना सांभाळणाऱ्या स्त्रिया असतात, पाळीची नोकरी करून दिवसा झोपलेली माणसे असतात. भर दुपारी रस्त्यावर इतकी शांतता असते की एखाद्या घरातला कुकर शेजारच्या इमारतीत ऐकू येतो. मी तिथे राहायला गेल्यावर पहिल्यांदा आजारपणामुळे आठवडाभर घरी राहिलो, तेव्हा मला या दुसऱ्या वसाहतीची ओळख झाली. आमच्या रस्त्यावरचे दोन दवाखाने सकाळी नऊला उघडून संध्याकाळी सहाला बंद होत. टपाल कार्यालयाची वेळही तीच. म्हणजे मी ज्या सोयी जवळ आहेत म्हणून हे घर निवडले होते, त्यांतली एकही माझ्या वेळात उघडी नव्हती, आणि दोन वर्षे हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

सेवा अशा का असतात, यालाही कारण आहे. दिवसा गिऱ्हाईक नसते. ज्यांच्या हातात पैसा आहे ते खरेदी कामाच्या जागी किंवा वाटेत स्थानकाजवळ उरकतात, त्यामुळे वसाहतीच्या आतल्या भागात व्यवसाय तग धरत नाही आणि व्यवसाय नाही म्हणून खरेदी बाहेरच होते. स्थानिक प्रशासनाची अडचणही याच जातीची आहे. जिथे कार्यालये आणि उद्योग असतात तिथे त्यांच्याकडून कर मिळतो. नुसत्या घरांच्या वसाहतीत कर देणारे थोडके आणि शाळा, पाणी, दिवे, सांडपाणी यांची गरज असलेले पुष्कळ असतात. परिणामी माणसे आधी राहायला येतात आणि सोयी वर्षांनी येतात. पहिल्या फळीतल्या रहिवाशांना अर्धवट रस्ते आणि बंद पडलेले दिवे वाट्याला येतात, आणि सगळे जागेवर आले की किमती वाढलेल्या असतात. भाडेकरूंच्या बाबतीत तर हे आणखी टोचणारे असते: नवे स्थानक झाले की मालकाची मिळकत वाढते आणि भाडेकरूचे भाडे.

याच संदर्भात एक प्रसंग सांगतो, कारण या विषयाचा गाभा मला त्यात दिसला. दुपारी दोनला शाळेतून पत्नीला फोन आला की मुलाला ताप आहे, घेऊन जा. ती शहराच्या एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. आम्ही दोघेही घरापासून सव्वा तासावर होतो, पण तो सकाळचा सव्वा तास होता. दुपारी गाड्या तासाला दोनच असत. एक गाडी नुकतीच गेली होती. पत्नी शाळेत पोहोचली तेव्हा चार वाजत आले होते. मुलगा शाळेच्या कार्यालयात बाकावर झोपला होता, बुटांच्या नाड्या सोडलेल्या आणि दप्तर उशाला. शेजारी बसलेल्या शिपाईबाईंनी त्याच्या कपाळावर ओला रुमाल ठेवला होता आणि तो दर थोड्या वेळाने बदलत त्या आपले काम करत होत्या. त्यानंतर महिन्याभरात पत्नीने वसाहतीजवळची, कमी पगाराची नोकरी धरली. त्या वेळी आम्ही दोघांनी त्याला ‘सोय’ म्हटले. आज हिशेब मांडताना पगारातील ती घट मी घराच्या किमतीत धरतो.

हे आमच्यापुरते नव्हते. अनेक देशांतील पाहण्यांत स्त्रियांचा कामावर जाण्याचा प्रवास पुरुषांपेक्षा सरासरीने आखूड आढळतो, आणि घरच्या जबाबदाऱ्या हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. त्यांचा प्रवास सरळही नसतो: आधी पाळणाघर, मग काम, परतताना औषधे, भाजी, मग पुन्हा पाळणाघर. घर ते कार्यालय अशा सरळ रेषेसाठी आखलेली, सकाळ-संध्याकाळच भरभरून धावणारी वाहतूक या वाकड्या वाटेला उपयोगी पडत नाही. वसाहत लांबची असेल तर दोघांपैकी एकाला जवळची नोकरी शोधावी लागते, आणि ती कोणाला शोधावी लागते हे सांगायला फारशा पाहण्यांची गरज नाही. म्हणून घर पाहायला जाताना दोघांनी जावे आणि दोघांचे दिवस कागदावर वेगवेगळे, तासागणिक लिहून काढावेत. पाळणाघर किती वाजता बंद होते, हा प्रश्न स्वयंपाकघराच्या ओट्याच्या लांबीआधी विचारावा.

रात्रीचा भाग अनेक जण तपासतच नाहीत. स्थानकावरून वसाहतीत जाणारे शेवटचे वाहन किती वाजता सुटते, यावर तुमच्या सामाजिक आयुष्याची मर्यादा ठरते. आमच्याकडे शेवटची बस नऊ वाजून चाळीस मिनिटांची होती. त्यामुळे शहरातील कोणत्याही समारंभात, व्याख्यानात किंवा मित्राच्या घरी साडेसात वाजले की माझे लक्ष घड्याळाकडे जाई, आणि काही वर्षांनी मित्रांनी मला बोलावणे हळूहळू कमी केले. त्यात त्यांचा दोष नव्हता. दर वेळी अर्ध्यातून उठणाऱ्या माणसाला किती वेळा आग्रह करणार? याउलट ओळखी होतात त्या गाडीत. ठरावीक डबा, ठरावीक दार, ठरावीक माणसे. एखादा दोन दिवस दिसला नाही तर चौकशी होते, निवृत्तीच्या दिवशी फूल दिले जाते, आणि तरीही समोरच्या माणसाचे घर कुठल्या गल्लीत आहे हे आठ वर्षे माहीत नसते. हे नाते मला अजूनही नीट समजलेले नाही, पण ते खोटे नव्हते.

आता चांगली बाजू, कारण ती नसती तर आम्ही नऊ वर्षे राहिलो नसतो. जागा मोकळी मिळते, उजेड आणि हवा मिळते, रात्री झोप शांत लागते. मुलांना खेळायला जागा असते आणि ती खाली एकटी खेळू शकतात. नव्या वसाहतीत बहुतेक कुटुंबे साधारण एकाच वयाची, एकाच परिस्थितीतील आणि सारख्याच तंगीत असतात, त्यामुळे दिखाऊपणा कमी असतो आणि अडीअडचणीला माणसे धावून येतात. आमच्या घराची एक किल्ली कायम शेजारी असे आणि त्यांची आमच्याकडे. ज्या कुटुंबाने दर अकरा-बारा महिन्यांनी भाड्याचे घर बदलण्यात आयुष्य काढले आहे, त्याला एकाच पत्त्यावर दहा वर्षे राहता येणे, मुलांची शाळा न बदलणे, याचे मोल प्रवासाच्या तासांत मोजता येत नाही. लांबच्या घराला सरसकट चूक म्हणणारी मंडळी बहुधा जवळच्या घरात बसून बोलत असतात.

निर्णयाच्या दृष्टीने मी ज्या गोष्टीला सर्वाधिक वजन देतो, ती मात्र विचारणाऱ्यांच्या यादीत जवळजवळ कधीच नसते: या घरापासून पाऊण तासात किती वेगवेगळ्या नोकऱ्यांपर्यंत पोहोचता येते? आजची एक नोकरी सव्वा तासावर आहे, ठीक. पण वसाहतीतून एकच मार्ग एकाच केंद्राकडे जात असेल, तर ती नोकरी सुटल्यावर निवड फार आकसते, आणि नोकरी देणाऱ्या मालकाला हे कळत असते. दोन दिशांना जाता येणारी वसाहत थोडी महाग असली तरी घ्यावी. याच न्यायाने, एक मार्ग बंद पडला तर दुसरा आहे का, तेही पाहावे. जिथे एकाच रुळावर सगळे अवलंबून आहे तिथे एक बिघाड म्हणजे सगळ्या वसाहतीची गैरहजेरी.

२०२० नंतर काही कामे घरून होऊ लागली आणि हे गणित पुष्कळांसाठी बदलले. आठवड्यात पाचऐवजी तीन दिवस जायचे असेल तर वरचे ५७५ तास ३४५ वर येतात, आणि सव्वा तास सुसह्य होतो. परंतु यात दोन अडचणी आहेत. ही सवलत बहुधा तोंडी असते आणि वरिष्ठ बदलले की तीही बदलते. कर्ज मात्र वीस वर्षांचे असते. दुसरी अडचण वाहतुकीची. हर्बर्ट मोहरिंग यांनी १९७२ मध्ये दाखवले की प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवता येतात, फेऱ्या वाढल्या की प्रत्येकाचे थांबणे कमी होते. हे चक्र उलटही फिरते: प्रवासी घटले, फेऱ्या कापल्या, थांबणे वाढले, आणखी प्रवासी घटले. याचा फटका ज्यांना घरून काम करणे शक्यच नाही त्यांना बसतो, म्हणजे सफाई कामगार, परिचारिका, पहारेकरी, दुकानांत काम करणारे. यांच्यातले पुष्कळ जण पहाटे पाचला निघतात, आणि त्या वेळची सेवा आधीच तुटपुंजी असते.

‘इथे लवकरच नवे स्थानक येणार आहे’ या वाक्याबद्दल स्पष्ट लिहितो. माझ्या वसाहतीतही ते येणार होते. नकाशावर गोल होता, कमानीवर चित्र होते, आणि त्या गोलाची किंमत आमच्या करारात धरलेली होती. आम्ही घर सोडेपर्यंत तिथे पत्र्याचे कुंपण आणि गवत होते. मी याच व्यवसायातला असूनही फसलो, कारण आराखडा मंजूर असणे, निधी मिळणे, जमीन ताब्यात येणे आणि गाडी धावणे या चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामध्ये वर्षे जातात, हे मला इतरांच्या बाबतीत माहीत होते. आज जे धावत आहे त्याच्या आधारावर घर घ्यावे. पुढे काही आले तर तो लाभ समजावा, पण त्याचे पैसे आधी मोजू नयेत.

प्रत्यक्ष तपासणी कशी करावी, याविषयी माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: आधी सहा महिने तिथेच भाड्याने राहा. ते शक्य नसेल तर निदान एका कामाच्या दिवशी, शक्यतो पावसाच्या, त्या घराच्या दारातून सकाळी निघा, कामावर जा आणि संध्याकाळी गर्दीच्या वेळी तिथेच परत या. मग एकदा शेवटच्या गाडीने या आणि स्थानक ते घर हे अंतर एकट्याने चाला. पदपथ सलग आहे का, दिवे लागतात का, मोठा रस्ता ओलांडायला किती वेळ थांबावे लागते, हे पायांनाच कळते. रविवारी दुपारी, विक्री प्रतिनिधीच्या वाहनातून केलेली पाहणी यांतले काही सांगत नाही. रहिवाशांशी बोलताना नव्याने आलेल्यांपेक्षा सोडून चाललेल्यांना गाठा. सामान बांधत असलेला माणूस सहसा खरे बोलतो. आणि थांब्यावर उभ्या असलेल्या कोणालाही ‘बस किती वेळाने येते’ असे न विचारता ‘काल किती वेळ थांबलात’ असे विचारा.

या सगळ्यानंतरही आकडे जुळत असतील, दोघांचे दिवस कागदावर बसत असतील आणि दुपारी दोनच्या फोनला उत्तर देऊ शकेल असे कोणीतरी अर्ध्या तासाच्या आत असेल, तर घर घ्यायला माझी हरकत नाही. ते कोणीतरी नातेवाईकच असावे असे नाही. आमच्यासाठी पुढे ते शेजारचे निवृत्त गृहस्थ झाले, आणि शाळेच्या अर्जावर तिसऱ्या क्रमांकाला त्यांचा फोन लिहिलेला होता.